कुंडीतली कीड आणि आपली जबाबदारी

कपाशीवरील रसशोषक किडींवरचे व्याख्यान संपते, प्रश्नोत्तरे होतात, आभारप्रदर्शन होते आणि सभागृह रिकामे होत असताना आणखी एक प्रश्न हमखास समोर येतो. विचारणारी व्यक्ती बहुधा संकोचलेली असते. शेताच्या प्रश्नांच्या रांगेत घरच्या जास्वंदीचा प्रश्न विचारावा की नाही, असा तो संकोच असतो. अशाच एका मेळाव्यानंतर एक अनुभवी कापूस उत्पादक माझ्यापाशी आले. ‘‘मॅडम, शेतातलं नाही, घरचं विचारायचं होतं. गॅलरीतल्या जास्वंदीवर पांढरा पिठ्या बसलाय. कपाशीवर मारतो तेच जरा पातळ करून मारलं. आठ दिवस गेला, मग दुप्पट आला.’’ पुढे बोलता बोलता कळले, की फवारणी केली त्या संध्याकाळी गॅलरीलगतच्या खोलीत त्यांची चार वर्षांची नात झोपलेली होती. रात्री तिला उलट्या झाल्या. डॉक्टरांकडे न्यावे लागले. सुदैवाने दुसऱ्या दिवशी ती सावरली. ‘‘तेच औषध कमी प्रमाणात घ्या’’ हा सल्ला त्यांना कोणी दिला, असे विचारले, तेव्हा उत्तर ऐकून मी गप्प झाले. तो सल्ला कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या, म्हणजे आपल्यापैकीच एकाने जाता जाता दिलेला होता.

या प्रसंगात त्या कार्यकर्त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरातल्या झाडांवरील किडी हा आपण कधी आपला विषय मानलेलाच नाही. आपल्या शिफारशी हेक्टरच्या हिशेबात लिहिल्या जातात, मात्रा १० लिटर पाण्याच्या हिशेबात दिल्या जातात आणि निर्णय आर्थिक नुकसानीच्या पातळीवर घेतले जातात. कुंडीचे क्षेत्रफळ हातभर असते, तिला अर्धा लिटर द्रावण पुरते आणि तिचे आर्थिक मूल्य बहुधा शून्य असते. त्यामुळे तो प्रश्न आपल्या चौकटीत बसत नाही आणि उत्तर मात्र आपल्याच चौकटीतून दिले जाते. माझे म्हणणे असे, की ही उपेक्षा आता परवडणारी नाही. त्याची तीन कारणे मला दिसतात.

पहिले कारण आरोग्याचे. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार प्रत्येक कीटकनाशकाची नोंदणी विशिष्ट उपयोगासाठी होते. शेतीची कीटकनाशके विशिष्ट पीक आणि विशिष्ट कीड यांच्यासाठी असतात, तर घरगुती वापराच्या उत्पादनांची नोंदणी वेगळी असते. कपाशीसाठी नोंदवलेले औषध बंद गॅलरीत मारणे हा त्या लेबलचा भंग आहे, मग मात्रा कितीही पातळ केलेली असो. मोकळ्या शेतात फवारा वाऱ्याबरोबर विरतो, उन्हात अवशेषांचे विघटन होते. खोलीत मात्र तो पडद्यांवर, गादीवर, फरशीवर बसतो आणि त्याच फरशीवर मूल रांगते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या रानात असे घडू शकते, हे आपण पाहिलेले आहे. शिवाय घरच्या कुंड्यांत केवळ शोभेची झाडे नसतात. तुळस असते, कढीपत्ता असतो, गवती चहा असतो. तुळशीचे पान सकाळी तीर्थात पडते. त्या पानाला ‘काढणीपूर्व प्रतीक्षा काळ’ कोणी लावलेला नसतो.

दुसरे कारण शेतीचेच आहे. कुंडी शेतापासून वेगळी असते, हा आपला समज आहे. किडींना तो मान्य नाही. कपाशीवर ज्याने २००५ नंतरच्या काही वर्षांत गुजरात, पंजाब, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हाहाकार माजवला तो पिठ्या ढेकूण, फेनाकोकस सोलेनॉप्सिस, गाजर गवतावर जगतो तसा दारातल्या जास्वंदीवरही सुखाने जगतो. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूर परिसरात प्रथम आढळला आणि पपईबरोबरच तुती, टॅपिओका अशा पिकांवर तुटून पडला. जास्वंद आणि चाफा हीही त्याची यजमान झाडे आहेत. नारळावरील रुगोज चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाचीजवळ नोंदली गेली. शोभेच्या अनेक झाडांवरही ती राहते. २०२१ मध्ये तेलंगण आणि आंध्र प्रदेशातील मिरची उत्पादकांना रडवणारा थ्रिप्स पार्विस्पायनस हा फुलकिडा जगात अनेक ठिकाणी हरितगृहातील शोभेच्या झाडांवरची कीड म्हणून ओळखला जातो. आंध्रातील कडियम असो वा पुण्याजवळचे उरुळी कांचन, रोपवाटिकांतून निघालेले रोप आज काही दिवसांत देशाच्या दुसऱ्या टोकाच्या घरात पोहोचते. परदेशातून येणाऱ्या रोपांसाठी विलगीकरणाचे नियम आहेत. देशातल्या देशात हिंडणाऱ्या कुंडीच्या पानांखाली मात्र सहसा कोणी डोकावत नाही. ते डोकावण्याचे काम अखेर घेणाऱ्यालाच करायचे आहे आणि त्याला ते शिकवायचे कोणी, तर आपणच.

तिसरे कारण शिक्षणाचे. शेतात एका चुकीची किंमत हंगामभर मोजावी लागते. कुंडीवर तीच गोष्ट महिनाभरात, विनाखर्च शिकता येते. पिठ्या ढेकणाचे जीवनचक्र ज्याने खिडकीतल्या झाडावर भिंगातून पाहिले, त्याला द्राक्षबागेत ओलांड्याच्या सालीखाली काय शोधायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

कीड चिवट का वाटते?

लोक म्हणतात, ‘‘ही कीड फार चिवट आहे, काही केल्या जात नाही.’’ कीटकशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर कीड चिवट असते त्यापेक्षा आपला उपचार अर्धवट असतो. पिठ्या ढेकणाच्या अनेक जातींची मादी कापसासारख्या पिशवीत काही शे अंडी घालते. ही पिशवी आणि प्रौढ मादीच्या अंगावरचे मेण, दोन्ही फवाऱ्याचे पाणी दूर सारतात. अंड्यांतून आठवड्या-दहा दिवसांत पिल्ले निघतात आणि सुरुवातीचे थोडे दिवस त्यांच्या अंगावर मेण जवळजवळ नसते. तीच त्यांची दुबळी बाजू. उबदार हवेत एक पिढी सुमारे महिन्याभरात पुरी होते आणि झाडावर एकाच वेळी सर्व अवस्था नांदत असतात. अशा झाडावर एकदाच फवारणी केली, तर उघडी पिल्ले मरतात आणि पिशव्यांतली अंडी व पानांच्या बेचक्यांत दडलेल्या माद्या राहतात. आठ दिवस झाड स्वच्छ दिसते आणि मग ‘दुप्पट’ येते. जास्वंदीच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. औषध कमी जहाल होते म्हणून ती फवारणी फसली नव्हती. ती एकदाच झाली होती म्हणून फसली.

लाल कोळ्याची गोष्ट निराळी. तो कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि अनेक कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणामच होत नाही. उलट पायरेथ्रॉइड गटातील औषधे, आणि काही वेळा इमिडाक्लोप्रिडही, वापरल्यावर कोळी वाढल्याचे अनुभव शेतीत आणि संशोधनातही आहेत. डासांसाठीचा घरगुती स्प्रे झाडावर मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यातील द्रावकाने पाने करपतात ती वेगळीच. उष्ण, कोरड्या, धुळकट जागी कोळ्याची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते. म्हणून उन्हाळ्यात आणि वातानुकूलित खोलीत तो फोफावतो.

खवले कीड चिवट भासते, कारण तिचे कवच ती मेल्यावरही खोडाला चिकटून राहते आणि उपचार लागू पडला की नाही हे कळत नाही. नखाने खवला उचलून पाहावा. आत ओला, रसदार देह असेल तर कीड जिवंत आहे. कोरडी भुकटी असेल तर ती मेलेली आहे. कुंडीभोवती घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्या तर बहुधा पानावरच्या नसतातच. त्यांच्या अळ्या सतत ओल्या राहणाऱ्या मातीत बुरशीवर आणि कोवळ्या मुळांवर जगतात. तेथे फवारणी निरुपयोगी ठरते. पाणी कमी करून मातीचा वरचा इंचभर थर कोरडा होऊ देणे आणि उडणाऱ्या माश्यांसाठी पिवळा चिकट सापळा लावणे, हा त्यावरचा उपाय.

शेतात व्यवस्थापन, घरात निर्मूलन

येथे मला आपल्या नेहमीच्या शिकवणुकीहून थोडे वेगळे बोलायचे आहे. शेतात आपण निर्मूलनाची भाषा टाळतो आणि ते योग्यच आहे. काही कीड राहिली तर तिच्यावर मित्रकीटक जगतात. पपईवरील पिठ्या ढेकणावर वारंवार फवारण्या करूनही तो आटोक्यात येत नव्हता. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी कीटक आणून सोडले गेले, त्यांतील असेरोफॅगस पपाये या बारीकशा परोपजीवीने ते काम करून दाखवले. क्रिप्टोलिमस हा भक्षक भुंगेराही आपल्याकडे १८९८ मध्ये आणला गेला आणि आजही पिठ्या ढेकणाचा फडशा पाडतो.

घरातली कुंडी मात्र या सगळ्यापासून तुटलेली असते. तेथे पाऊस पानांवर पडत नाही, वारा नाही, परोपजीवी पोहोचत नाहीत. ज्या बंधनांमुळे निसर्गात कीड आवरलेली राहते, ती सारी तेथे गैरहजर असतात. म्हणूनच घरात ‘थोडी कीड राहिली तर चालेल’ हे तत्त्व लागू पडत नाही. पण याची दुसरी बाजू अशी, की कुंडीत झाड एकच असते, पाने मोजता येण्याइतकी असतात आणि बाहेरून नवी कीड सहसा येत नाही. एकरभर शेतात जे अशक्य, ते येथे शक्य असते, म्हणजे शेवटच्या किडीपर्यंत पोहोचणे. त्यासाठी जहाल विषाची गरज नाही. हात, भिंग, पाणी आणि दिनदर्शिका एवढे पुरते.

मी स्वतः जो क्रम सांगते, तो असा. आधी ओळख. दहापट भिंग घ्यावे. पानाची खालची बाजू, बेचके, कुंडीचा काठ, कुंडीखालची बशी पाहावी. कोळ्याचा संशय असेल तर फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी. ठिपके चालू लागले की ओळख पटली. मग ते झाड इतरांपासून दूर करावे. न्हाणीघरात नेऊन, माती पिशवीने झाकून, पाण्याच्या जोरदार धारेने पाने खालच्या बाजूने धुवावीत. मावा आणि कोळी यांची निम्मी लढाई येथेच जिंकली जाते. फार किडलेली पाने आणि शेंडे काढून टाकावेत.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन एकेक कीड पुसून काढावी. ते मेण विरघळवते. आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी आणि देव्हाऱ्याच्या समईजवळ किंवा गॅसजवळ हे काम करू नये, कारण ते पेट घेते. त्यानंतर साबणाचे द्रावण किंवा निंबोळी तेल. निंबोळी तेलाची मात्रा एक लिटर पाण्याला ५ मिलि, ते पाण्यात मिसळावे म्हणून १ मिलि मऊ द्रव साबण. अर्ध्या लिटरला याच्या निम्मे. ते झाकणाने अंदाजे न घेता औषधाच्या मापाने मोजून घ्यावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. साबण अंगावर बसला तरच कीड मरते, वाळल्यावर त्याचा प्रभाव उरत नाही. म्हणून पानाखाली नीट भिजणे महत्त्वाचे. बोअरचे जड पाणी असेल तर साबण फुटतो आणि द्रावण निकामी होते. अशा ठिकाणी साठवलेले पावसाचे किंवा गाळून शुद्ध केलेले मऊ पाणी घ्यावे. बेंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भाजीपाल्यावरील किडींसाठी कडुनिंब आणि करंज तेलांपासून साबण विकसित केलेले आहेत. हा मार्ग गृहिणीच्या टोटक्यांपैकी नाही, हे सांगायला तेवढे पुरेसे आहे.

आता मुख्य मुद्दा. हा उपचार पिठ्या ढेकणासाठी दर सात दिवसांनी, कोळ्यासाठी दर चार-पाच दिवसांनी, असा किमान चार ते पाच वेळा करायचा आहे. मध्ये झाड स्वच्छ दिसले तरीही. शेवटची जिवंत कीड दिसल्यानंतर महिनाभर काहीच दिसले नाही, तरच कीड गेली असे म्हणावे. इतके करूनही पिठ्या पुन्हा येत असेल, तर झाड कुंडीतून उपसून मुळे पाहावीत. मुळांवर पांढरे कापसासारखे पुंजके दिसले तर माती पूर्ण धुऊन टाकावी, कुंडी गरम पाण्याने स्वच्छ करावी आणि नवी माती भरावी.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नये. रसशोषक किडींच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्यांचे अन्न असतो आणि त्याच्या बदल्यात त्या किडीचे भक्षकांपासून रक्षण करतात, पिल्लांना नव्या फांदीवरही नेतात. पूर्वी दुधा-तुपाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. तीच युक्ती कुंडीच्या तिवईला लागू पडते. उघड्या गच्चीवर किंवा अंगणात कुंड्या असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी. क्रिप्टोलिमसची अळीही पांढरी, मेणाच्या झालरीची असते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. ती आकाराने मोठी आणि चालायला चपळ असते. तिला शत्रू समजून पुसून टाकू नये.

आणि काही वेळा झाड सोडून द्यावे. हे सांगणे जड जाते, हे मी जाणते. एखाद्या घरात ते झाड आईने लावलेले असते, एखाद्याला ते निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेले असते. तरीही एका खचलेल्या झाडापायी दहा झाडे किडीच्या स्वाधीन करण्यात शहाणपण नाही. त्या झाडाचा एखादा निरोगी शेंडा नीट तपासून, धुऊन, वेगळा लावता येतो. उरलेले झाड मात्र पिशवीत घट्ट बांधून टाकावे. ते बांधावर, खतखड्ड्यात किंवा शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये. कुंडीतून शेताकडे जाणारी वाट बहुधा अशीच सुरू होते.

‘‘आमच्याकडे गावे अनेक आणि माणसे थोडी. शहरी हौशी लोकांच्या मनीप्लांटसाठी आम्ही वेळ कुठून आणावा?’’ हा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो खोटा नाही. सोयाबीन पिवळे पडत असताना कुंडीचा प्रश्न मागे राहणारच. पण मी वेगळा कार्यक्रम मागत नाही. एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात दहा मिनिटे एवढेच मागते. त्या दहा मिनिटांत तीन वाक्ये ठामपणे सांगितली जावीत. शेतीचे औषध घरात आणू नका, अन्य बाटलीत ओतून तर मुळीच ठेवू नका. नवे झाड तीन-चार आठवडे वेगळे ठेवा. उपचार तारीख लावून करा. जे प्रगतिशील शेतकरी रोपवाटिका चालवतात, त्यांच्याकडून अपेक्षा थोडी अधिक आहे. विक्रीआधी पानाखाली आणि मुळांशी पाहणे, किडलेले रोप मागे ठेवणे आणि ग्राहकाला चार ओळींची सूचना देणे, यात खर्च फारसा नाही, पण व्यवसायाची पत त्यातूनच राहते. आम्हा संशोधकांनीही आपल्या शिफारशी एकदा तपासून पाहाव्यात. ‘१० लिटर पाण्यास’ या शब्दांनंतर ‘घरातील झाडांसाठी नाही’ एवढे छापायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

कोणी घरच्या झाडाचे विचारले, तर औषधाचे नाव सांगण्याआधी चार प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. कीड कोणती, पाहिली का? झाड कुठे आहे आणि तिथे कोण झोपते? त्याची पाने कोणी खाते का? आणि पुढचे पाच आठवडे ठरलेल्या दिवशी पंधरा मिनिटे द्यायची तयारी आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कोणतेही औषध सांगून उपयोग नाही.

त्या कापूस उत्पादकांना मी हेच विचारले होते. त्यांनी कॅलेंडरवर पाच शनिवार खुणावले. पाचव्या शनिवारनंतर त्यांचा फोन आला. जास्वंदीला चार नवी पाने फुटली होती, कळी अजून नव्हती. पिठ्या मात्र दोन आठवडे दिसलेला नव्हता. ‘‘अजून पंधरा दिवस पाहा,’’ मी म्हटले. ‘‘पाहतो,’’ ते म्हणाले, ‘‘आता भिंग नातीच्या हातात असतं.’’